स्विमिंग पूलची केमिकल खोली: कुठे ठेवायची, कशी बांधायची

पुण्यात गुरुवारी देखभालीच्या कामांसाठी वीज जाते, हे सगळ्यांना सवयीचं आहे. त्या गुरुवारीही सकाळी वीज गेली तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही. आमच्या सोसायटीच्या पूलमध्ये सात-आठ मुलं खेळत होती. तासाभराने वीज आली, पंप रूममधला मोठा पंप सुरू झाला आणि दोन मिनिटांत उथळ बाजूला भिंतीला धरून उभी असलेली मुलं खोकायला लागली. डोळे चोळत, धापा टाकत बाहेर आली. पाणी दिसायला नेहमीसारखंच निळं होतं, वास मात्र छातीत शिरणारा. संध्याकाळपर्यंत सगळी मुलं बरी झाली, पण तो तास मी विसरू शकलेलो नाही.

मी इमारतींच्या प्लंबिंगची ड्रॉइंग करतो, म्हणून कारण शोधायचं काम माझ्याकडे आलं. पाणी फिरवणारा मोठा पंप महावितरणच्या लाइनवर होता. क्लोरीन आणि अ‍ॅसिडचे छोटे डोसिंग पंप (रसायन थोडं थोडं मोजून पाइपमध्ये सोडणारे) मात्र कुणीतरी सोयीचं म्हणून दिव्यांच्या सॉकेटला लावले होते, आणि दिवे जनरेटरवर चालत होते. वीज गेल्यावर पाणी थांबलं. सोडियम हायपोक्लोराइट आणि हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड मात्र त्याच थांबलेल्या पाइपमध्ये तासभर थेंबाथेंबाने पडत राहिलं. ही दोन रसायनं एकत्र आली की क्लोरीन वायू तयार होतो. पंप सुरू होताच पाइपात साठलेलं ते सगळं भिंतीतल्या इनलेटमधून मुलांच्या तोंडासमोर आलं.

रसायनं दर्जेदार होती, ऑपरेटर अनुभवी होता. चुकली होती ती मांडणी: कोणती वस्तू कुठे ठेवली आणि कशाला जोडली. म्हणून हा लेख. नवीन पूल बांधणारे, जुन्या सोसायटीची कमिटी चालवणारे आणि बंगल्यात छोटा पूल असलेले, अशा तिघांनाही उपयोगी पडेल असा लिहायचा प्रयत्न आहे.

आधी नियम कुठे सापडतात ते

आपल्याकडे याच्या तरतुदी विखुरलेल्या आहेत. बांधकामाची परवानगी, मोकळ्या जागा, तळघराचा वापर हे सगळं राज्याच्या बहुतेक भागात डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे यूडीसीपीआरमध्ये येतं. बृहन्मुंबईला ती लागू नाही, तिथे मुंबईची स्वतंत्र नियमावली, डीसीपीआर २०३४, बघायची. आग, वायुवीजन, वीज यांसाठी राष्ट्रीय इमारत संहिता २०१६, म्हणजे एनबीसी. शिवाय महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे, ज्याखाली सोसायटीला दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. पूलच्या पाण्याच्या गुणवत्तेसाठी आयएस ३३२८ हे मानक आहे.

रसायनांच्या खोलीची बारीक मापं ठरवताना मी अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय संहितांचा (पूल, फायर आणि मेकॅनिकल कोड) आणि तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या मॉडेल अ‍ॅक्वॅटिक हेल्थ कोडचा आधार घेतो. ते आपल्याकडे कायदा नाहीत. पण क्लोरीन वायू पुण्यात आणि टेक्सासमध्ये सारखाच वागतो, आणि तिथल्या लोकांनी अपघातांतून शिकून ही मापं लिहून ठेवली आहेत. खाली जिथे त्यांचा आकडा आहे तिथे तसं सांगितलं आहे. शेवटचा शब्द तुमच्या आर्किटेक्टचा, पालिकेचा आणि अग्निशमन अधिकाऱ्याचा.

पायरी १: काय काय आहे आणि किती, ते लिहून काढा

जागा ठरवण्याआधी यादी करा. सोसायटीच्या पूलवर साधारणपणे हे सापडतं: सोडियम हायपोक्लोराइट (ज्याला सगळे लिक्विड क्लोरीन किंवा नुसतं हायपो म्हणतात), हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, टीसीसीए ९० (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक अ‍ॅसिड, क्लोरीन सोडणारं घन रसायन) ची पावडर किंवा गोळ्या, कधी कॅल्शियम हायपोक्लोराइट, ब्लीचिंग पावडर, सोडा अ‍ॅश, तुरटी आणि शेवाळासाठी मोरचूद.

आता प्रमाण बघू. २० मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल पूलमध्ये १९२ घनमीटर, म्हणजे जवळजवळ १ लाख ९२ हजार लिटर पाणी असतं. त्यात क्लोरीन १ पीपीएमने (म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅमने) वाढवायला १९२ ग्रॅम क्लोरीन लागतं, म्हणजे १० टक्क्यांचं हायपो अंदाजे २ लिटर. उन्हातल्या पूलमध्ये दिवसाला २ ते ३ पीपीएम उडून जातं असं धरलं, तर रोज ४ ते ६ लिटर. म्हणजे ३५ लिटरचे दोन कॅन बारा ते सतरा दिवस पुरतात.

हा हिशेब मुद्दाम मांडला, कारण मी पाहिलेल्या बहुतेक पंप रूममध्ये दहा-पंधरा कॅन रचलेले असतात. एकगठ्ठा घेतलं की स्वस्त पडतं, हे खरं. पण हायपो ठेवून ठेवून मरतं, आणि तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचा ऱ्हास तिपटीहून जास्त वेगाने होतो. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेलं १० टक्क्यांचं हायपो महिन्याभरात निम्म्यावर येऊ शकतं. मग ऑपरेटर दुप्पट ओततो. पंधरा दिवसांचा साठा ठरवा. खोलीही लहान लागते आणि काही बिघडलंच तर संकटही लहान राहतं.

क्लोरीनच्या सिलिंडरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: निवासी इमारतीत तो येऊ देऊ नका. द्रवरूप क्लोरीनचा वायू झाला की त्याचं आकारमान साडेचारशे पटींच्या आसपास वाढतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडमध्ये कासारवाडीच्या पालिकेच्या तलावावर क्लोरीन वायूची गळती झाली आणि पोहायला आलेल्या लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. हायपोने ज्या पूलचं काम भागतं तिथे दाबाखालचा वायू आणून ठेवायचं काहीच कारण नाही.

पायरी २: जागा निवडा, आणि आधी तळघर खोडा

क्लोरीन वायू हवेच्या अडीचपट जड असतो. तो जमिनीलगत पसरतो, पायऱ्या उतरतो, खड्ड्यात आणि तळघरात साठतो. असं असताना बिल्डर पंप रूम कुठे ठेवतो? पूलच्या खाली, तळघरातल्या पार्किंगच्या कोपऱ्यात. पंप आणि फिल्टरसाठी ती जागा योग्यच आहे, पंपाला पाणी आपोआप मिळतं. रसायनांसाठी मात्र ती सगळ्यात वाईट जागा आहे. पंप खाली राहू द्या. रसायनं जमिनीच्या पातळीवर, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या स्वतंत्र खोलीत आणा. डोसिंगची बारीक नळी तिथून पाइपमध्ये घालून खाली फिल्टरपर्यंत नेता येते.

जमिनीवरची जागा बघताना मी हातात नकाशा घेऊन प्रत्यक्ष चालतो आणि मनात एकच प्रश्न ठेवतो: इथून वायू सुटला तर तो कुठे जाईल? वाटेत जिमचा एसी ताजी हवा ओढतोय का, कपडे बदलायच्या खोलीची खिडकी आहे का, तळघराचा रॅम्प किंवा लिफ्टचा खड्डा आहे का, वॉचमनची केबिन आहे का. अमेरिकन मेकॅनिकल कोडनुसार अशा खोलीचा एक्झॉस्ट इमारतीच्या दारं-खिडक्यांपासून किमान १० फूट लांब हवा. मी तो किमान आकडा मानतो आणि मिळेल तितकं जास्त अंतर ठेवतो.

शेजारही बघायचा. जनरेटर रूम आणि डिझेलच्या टाकीला लागून ही खोली नको. कॅल्शियम हायपोक्लोराइट तेल किंवा ग्रीस लागलं तर आपोआप पेट घेऊ शकतं. आणि एक गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक असते: माळ्याची युरियाची गोणी. सोसायटीत स्टोअर रूम एकच असते, त्यात एका बाजूला टीसीसीएचे डबे आणि दुसऱ्या बाजूला युरिया, फिनाइल, फरशी पुसायचं अ‍ॅसिड. युरिया किंवा अमोनियाचा क्लोरीनच्या पावडरशी संबंध आला तर नायट्रोजन ट्रायक्लोराइड तयार होऊ शकतं, आणि ते स्फोटक आहे. गोणी फाटली, पावसाचं पाणी शिरलं, एवढंही पुरे होतं. माळ्याचं सामान वेगळ्या खोलीतच हवं, यात तडजोड नाही.

जुन्या सोसायट्यांत जागा नसते, मग बाजूच्या मोकळ्या मार्जिनमध्ये पत्र्याची शेड उभी राहते. त्याआधी मंजूर नकाशा काढून बघा. उंच इमारतीभोवती फायर इंजिन फिरावं म्हणून ६ मीटरची जागा मोकळी ठेवलेली असते. तिथे शेड टाकली तर ती बेकायदा ठरतेच, आणि खरी आग लागली त्या दिवशी गाडी अडते. क्लब हाउसच्या मागच्या भिंतीला लागून बाहेरून दार असलेली जुनी मीटर रूम किंवा स्टोअर बऱ्याचदा मिळून जाते. वापर बदलायचा तर आर्किटेक्टकडून परवानगीचं बघून घ्या.

पूरपातळीचाही विचार करा. गोव्यात व्हिलांच्या पूलला डेकखालचा खड्डाच पंप रूम म्हणून असतो आणि टीसीसीएचा डबा त्याच खड्ड्यात. जुलैच्या पावसात तिथे पाणी भरतं. टीसीसीए थोड्याशा पाण्याने भिजलं की तापतं आणि क्लोरीन सोडतं. २९ सप्टेंबर २०२४ रोजी अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या कॉन्यर्स इथे पूल-रसायनांच्या एका कारखान्यात पाणी लागून हीच प्रतिक्रिया सुरू झाली, तेव्हा सुमारे १७ हजार लोकांना घरं सोडावी लागली. आपला डबा पाच किलोचा असेल, पण रसायन तेच आहे. तो जमिनीपासून वर, कोरड्या फळीवर ठेवायचा.

पायरी ३: क्लोरीन आणि अ‍ॅसिड यांच्यामध्ये भिंत

एका खोलीचे दोन भाग करा, मध्ये छतापर्यंत भिंत घाला आणि दोन्हींना बाहेरून स्वतंत्र दार द्या. एका बाजूला हायपो, दुसऱ्या बाजूला अ‍ॅसिड. जागा फारच अपुरी असेल तर निदान दोन विरुद्ध टोकं आणि टाकीखाली गळती धरणारे दोन वेगळे हौद. एकाच हौदात दोन कॅन शेजारी शेजारी, हे आजच्या आज हलवा. दोन्ही गळले तर तो हौदच क्लोरीन बनवायचं भांडं होतो.

टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट दोन्ही 'क्लोरीन पावडर' म्हणूनच येतात आणि दिसायलाही सारखी असतात. ती एकमेकांत मिसळली, विशेषतः ओलसर असताना, तर स्फोट होऊ शकतो. दोन्ही ठेवूच नका. एक निवडा. चमचा आणि बादलीसुद्धा प्रत्येक रसायनाची स्वतंत्र हवी. गोळ्या घालायच्या क्लोरिनेटरमध्ये एकदा टीसीसीए वापरलं असेल तर त्यात दुसरं काही कधीच घालायचं नाही.

आणखी एक नेहमी घडणारी चूक: टेम्पोवाला येतो, घाईत असतो आणि अ‍ॅसिडचा कॅन हायपोच्या टाकीत ओततो. जगभर पूलवरच्या वायुगळतीचं हे एक ठरलेलं कारण आहे. त्यावर उपाय मांडणीतूनच करायचा. दोन टाक्यांना दोन रंग, दोन वेगळ्या मापांची झाकणं, झाकणांना कुलूप, आणि किल्ली फक्त ऑपरेटरकडे. टाकीवर नाव मोठ्या अक्षरात, ऑपरेटरला वाचता येईल त्या भाषेत.

पायरी ४: जमीन आणि हौद

टाकीखाली गळती धरून ठेवणारा हौद हवा. सगळ्यात मोठ्या टाकीच्या ११० टक्के मावेल एवढा, अशी प्रथा आहे. २०० लिटरची टाकी असेल तर २२० लिटर. १ मीटर बाय १ मीटरच्या हौदाला २२ सेंटिमीटर उंची लागते, थोडं हाताशी ठेवून ३० सेंटिमीटरचा कठडा करा. दोन्ही हौद एकमेकांपासून वेगळे, आणि त्यांना मजल्यावरच्या गटाराची जोडणी नको. दोन हौदांची नळी एकाच चेंबरला नेली तर भिंत घातल्याचा उपयोग काय राहिला?

नुसतं सिमेंट अ‍ॅसिड खाऊन टाकतं. अ‍ॅसिडच्या बाजूला अ‍ॅसिडरोधक टाइल किंवा इपॉक्सी, नाहीतर सरळ एचडीपीई प्लास्टिकचा तयार ट्रे ठेवा. लोखंडी रॅक दोन्हीकडे नको. हायपोला तर लोखंड, तांबं, निकेल यांचा स्पर्शच नको, त्यांच्यामुळे ते झपाट्याने विघटित होऊन ऑक्सिजन सोडतं. म्हणून हायपोच्या टाकीचं झाकणही हवा सोडणारं लागतं, आणि त्या लाइनवर साधा बॉल व्हॉल्व्ह बसवला तर बंद गोळ्यात अडकलेला वायू तो फोडू शकतो. छिद्र पाडलेल्या गोळ्याचा व्हॉल्व्ह मिळतो, तो मागा.

पायरी ५: हवा

इथे चूक जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एकच असते: एक्झॉस्ट फॅन छताजवळ. जड वायू खाली बसलेला आणि पंखा वरची चांगली हवा फेकतोय. हवेपेक्षा जड वाफा असतील तर ओढ जमिनीपासून १२ इंचांच्या आत हवी, असं अमेरिकेचा फायर कोड सांगतो. ताजी हवा वरून आत, खालून बाहेर. पंखा भिंतीवर वरच लावायचा असेल तर त्याला पीव्हीसीचा डक्ट जोडून तोंड खाली आणा.

किती ओढ हवी? त्याच कोडप्रमाणे दर चौरस फुटाला मिनिटाला १ घनफूट. १० बाय ८ फुटांच्या खोलीला ८० सीएफएम, म्हणजे तासाला १३६ घनमीटरच्या आसपास. बाजारातला छोटा एक्झॉस्ट फॅनही एवढं सहज करतो, म्हणजे खर्चाचा प्रश्न नाही. अ‍ॅसिडच्या खोलीचा पंखा वेगळा, हायपोच्या खोलीचा वेगळा, डक्ट एकत्र करायचे नाहीत. पंखा प्लास्टिकच्या पात्यांचा घ्या. अ‍ॅसिडची वाफ इतकी जहाल आहे की झाकण लावलेल्या कॅनमधूनही निसटून दोन पावसाळ्यांत लोखंडी पातं आणि शेजारचं पॅनल दोन्ही गंजवते.

पंख्याचं बटण दाराबाहेर हवं. आत जाऊन पंखा लावायचा म्हणजे आधी वायू घ्यायचा आणि मग तो बाहेर काढायचा.

पायरी ६: डोसिंग कुठे जोडायचं आणि ते कधी थांबायला हवं

बाकी काही वाचलं नाही तरी हा भाग वाचा. आमच्या मुलांना त्रास झाला तो इथल्या चुकीमुळे.

पाइपवरचा क्रम असा: पंप, मग फिल्टर, हीटर असेल तर तो, आणि त्यानंतर रसायनं. हीटरच्या आधी क्लोरीन सोडलं तर तांब्याची कॉइल खराब होते. हायपो आणि अ‍ॅसिड यांचे इंजेक्शन पॉइंट (रसायन पाइपमध्ये शिरतं त्या जागा) एकमेकांपासून किमान १ मीटर लांब ठेवा, जागा असेल तर आणखी. प्रत्येक पॉइंटवर उलट प्रवाह अडवणारा व्हॉल्व्ह.

आता पातळी. टाकी इंजेक्शन पॉइंटपेक्षा वर असेल, आणि आपण वर सुचवलेल्या मांडणीत ती असणारच, तर पंप बंद असतानाही रसायन नळीतून सायफन होऊन खाली वाहू शकतं. म्हणून अँटी-सायफन व्हॉल्व्ह घ्यावाच लागेल. डोसिंग पंप टाकीच्या वर बसवा. टाकीखाली बसवला तर नळी निसटल्यावर सगळी टाकी रिकामी होते.

पुढचा भाग विजेचा. डोसिंग पंपाला वीज मिळण्यासाठी दोन अटी एकाच वेळी पुऱ्या व्हायला हव्यात. एक, मोठ्या पंपाचा कॉन्टॅक्टर आत असायला हवा, म्हणजे तो पंप चालू हवा. दोन, पाइपमधून पाणी खरोखर वाहतंय असं फ्लो स्विचने सांगायला हवं. फक्त पहिली अट पुरत नाही, कारण पंप चालू असूनही पाणी वाहत नाही असं होतं: हवा अडकते, गाळणी तुंबते, कुणी व्हॉल्व्ह बंद करतो.

हा फ्लो स्विच कुठे बसवायचा यात एक बारकावा आहे आणि तो बरेच कंत्राटदार चुकवतात. बॅकवॉश करताना, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुताना, पंप जोरात चालतो, पण पाणी पूलकडे न जाता गटाराकडे जातं. त्या वेळी पूलकडे जाणारा पाइप थांबलेला असतो. स्विच पंपाजवळ बसवला असेल तर त्याला वाटतं प्रवाह चालू आहे, आणि डोसिंग सुरूच राहतं, थांबलेल्या पाइपमध्ये. म्हणून स्विच फिल्टरनंतर, पूलकडे जाणाऱ्या लाइनवर आणि इंजेक्शन पॉइंटच्या आधी.

डोसिंग पंपांना साध्या प्लगवर ठेवू नका. प्लग असला की तो कुणीतरी काढतो आणि दुसरीकडे लावतो, आमच्याकडे तेच झालं. वायर थेट पॅनलमध्ये पक्की करा, किंवा इतर कुठेच बसणार नाही असा वेगळा प्लग वापरा. जनरेटरवर मोठा पंप नसेल तर डोसिंगही जनरेटरवर नको. वीज परत आल्यावर डोसिंग काही मिनिटं उशिरा सुरू होईल असा टायमर लावा, आणि मोठा पंप सुरू करताना पूलमध्ये कुणी असता कामा नये, हा नियम लाइफगार्डला पक्का सांगा.

मीठाच्या पाण्यातून क्लोरीन बनवणारं सॉल्ट क्लोरिनेटर असेल तरी प्रवाहाची ही अट तितकीच लागू आहे. त्यात हायड्रोजन तयार होतो, आणि पाणी थांबलं की तो सेलमध्ये साठतो.

पायरी ७: वीज आणि पाण्याच्या काठापासूनचं अंतर

आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय विद्युत मानकात पूलभोवतीचे विद्युत झोन आखले आहेत. पाणी म्हणजे झोन ०. काठापासून २ मीटरपर्यंत आणि जमिनीपासून २.५ मीटर उंचीपर्यंत झोन १. त्यापुढचा १.५ मीटर झोन २. सोप्या भाषेत, पॅनल आणि डोसिंगची उपकरणं काठापासून ३.५ मीटरच्या बाहेर ठेवली की बरेच प्रश्न सुटतात. या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. पॅनल रसायनांच्या खोलीत नको, बाहेरच्या भिंतीवर किंवा पंप रूममध्ये, वाफ पोहोचणार नाही असा.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी इथे एक मुद्दा, कारण न्यू जर्सीत आणि टेक्सासमध्ये घरामागे पूल असलेले बरेच जण आहेत. तिथल्या आंतरराष्ट्रीय पूल कोडनुसार पूलभोवतीचं कुंपण किमान ४८ इंच उंच लागतं, आणि पंप, फिल्टर, हीटर अशी उपकरणं कुंपणाबाहेर असतील तर ती कुंपणापासून किमान ३६ इंच दूर हवीत. कारण साधं आहे. लहान मूल त्या उपकरणावर चढून कुंपण ओलांडतं. आपल्या सोसायट्यांतही रेलिंगला टेकून ठेवलेले हायपोचे रिकामे कॅन मी पाहिले आहेत. तीच पायरी आपण इथे मुलांना करून देतो. तुमच्या गावाने या कोडची कोणती आवृत्ती स्वीकारली आहे ते स्थानिक परवाना कार्यालयात विचारा.

पायरी ८: आग, डोळे, दार

सोसायटीत सगळीकडे एबीसी पावडरचे लाल सिलिंडर असतात. त्यातल्या पावडरमध्ये अमोनियमचा क्षार असतो, आणि क्लोरीनच्या पावडरवर तो मारला तर धोकादायक प्रतिक्रिया होऊ शकते. केमिकल खोलीच्या दाराला तो टांगू नका. अशा आगीला भरपूर पाण्याचा मारा लागतो आणि तो अग्निशमन दलाने करायचा आहे. अर्धी बादली पाणी टाकणं सगळ्यात घातक, त्याने प्रतिक्रिया वाढते. जवळच्या फायर स्टेशनच्या लोकांना एकदा बोलावून खोली दाखवा आणि आत काय, किती आहे याचा कागद गेटवर ठेवा. वास आला तर लोकांना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला, उंचावर न्यायचं आणि १०१ किंवा ११२ ला फोन करायचा. ऑपरेटरने शौर्य दाखवून आत जायचं नाही.

दाराबाहेर, दहा सेकंदांत पोहोचता येईल एवढ्या अंतरावर, डोळे धुवायचा नळ हवा. सलग १५ मिनिटं स्वच्छ पाणी देणारा. छतावरच्या टाकीचं पाणी चालेल, पण मे महिन्यात पाइपमध्ये तापलेलं पाणी डोळ्यात जाणार नाही हे बघा. लाइन सावलीतून न्या. गॉगल, रबरी हातमोजे, एप्रन हे सगळं दाराबाहेरच्या कपाटात. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं आणि कुलूप असलं तरी आतून नेहमी उघडता येणारं.

पायरी ९: सुरू करण्याआधीची चाचणी

कंत्राटदाराला पैसे देण्याआधी कमिटीतल्या दोघांनी उभं राहून पुढची चाचणी करा. पूल रिकामा असताना, म्हणजे आत कुणी नसताना, आणि टाक्यांत रसायनाऐवजी साधं पाणी भरून.

मोठा पंप चालू, डोसिंग चालू. आता पॅनलवरून मोठा पंप बंद करा. दोन्ही डोसिंग पंप त्याच क्षणी थांबले पाहिजेत. पुन्हा चालू करा आणि या वेळी पूलकडे जाणारा व्हॉल्व्ह हळूहळू, थोडा वेळच बंद करा. पंप फिरतोय, पण डोसिंग थांबायला हवं. मग बॅकवॉशवर टाका, तेव्हाही थांबायला हवं. शेवटी इमारतीचा मेन पाडा आणि जनरेटर सुरू होऊ द्या. मोठा पंप बंद असताना डोसिंग पंपाचा दिवा लागला, तर जोडणी चुकली आहे, मग कंत्राटदार काहीही सांगो. नंतर वीज परत आणा आणि घड्याळ लावून बघा की डोसिंग ठरवलेल्या मिनिटांनंतरच सुरू होतंय.

आमच्या पंप रूमच्या दारावर या चाचणीचा तक्ता लावला आहे. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, वीज जाणारच असते म्हणून, ऑपरेटर आणि कमिटीतलं कुणीतरी एक जण मिळून ती करतात आणि तारीख टाकून सही करतात.